नाताळची हिरवी फळी

डिसेंबर महिन्याच्या आरंभी इयत्ता आठवीच्या वर्गात इंग्रजी पुस्तकातील एक चित्र पाहून एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "बाई, हे लोक चुलीवर फुले का मांडतात?" वर्ग हसला. परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. चित्रात भिंतीत बांधलेली एक शेकोटी होती. तिच्यावर एक लांब फळी, आणि त्या फळीवर हिरव्या डहाळ्या, तांबडी फळे व मेणबत्त्या. हिमायतनगरात राहणाऱ्या मुलीने असली वस्तू कोठे पाहावी? आमच्या हैदराबादेत डिसेंबरातील किमान तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या खाली फारसे जात नाही. येथे थंडीला शाल पुरते. त्या दिवशी तासाची घंटा झाल्यामुळे उत्तर अपुरे राहिले. ते येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीतच शेकोटी बांधीत आणि तिचा धूर धुराड्यावाटे छपराबाहेर सोडीत. धूर खोलीत पसरू नये म्हणून शेकोटीच्या तोंडावर पूर्वी पुढे आलेले एक झाकण बांधण्यात येई. पुढे धुराड्यांची बांधणी सुधारली. झाकण आखडत गेले आणि त्याच्या जागी राहिली एक फळी. तीच ही 'मँटल'. आपल्याकडे असे काही पाहावयाचे असेल तर महाबळेश्वर-पाचगणीस जावे. तेथील थंड हवेसाठी बांधलेल्या जुन्या बंगल्यांतून अशा शेकोट्या आहेत.

कडाक्याच्या थंडीत सारे घर या शेकोटीभोवती बसे. जेथे घर बसते तेथेच घराची शोभा मांडली जाते. आपल्या घरी देव्हारा असतो, जुन्या वाड्यांतून कोनाडे असतात, येथील जुन्या हैदराबादी घरांतून ज्यास 'ताक' म्हणतात ते असतात. तसेच त्यांच्या फळीचे समजावे.

मग हिरवी पानेच का? युरोपात डिसेंबरात बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास वर्षातील सर्वांत मोठी रात्र असते. अशा उजाड दिवसांत जी थोडी झाडे हिरवी राहतात त्यांचे माणसास अप्रूप वाटावे, हे स्वाभाविक आहे. प्राचीन रोममध्येही डिसेंबरातील शनिदेवतेच्या उत्सवात घरे हिरव्या डहाळ्यांनी सजवीत. ख्रिस्तजन्माचा सण त्याच ऋतूत साजरा होऊ लागला, तेव्हा ही हिरवाई त्याच्याही वाट्यास आली. इंग्लंडात होली नावाचे काटेरी पानांचे, तांबड्या फळांचे झाड व आयव्ही नावाची वेल यांना मान मिळाला. नाताळचे झाड मात्र तेथे जर्मनीकडून आले. राणी व्हिक्टोरिया, तिचे जर्मन पती आल्बर्ट आणि त्यांची मुले अशा झाडाभोवती उभी आहेत, असे चित्र १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ती चाल घरोघर पसरली.

त्या हिरवाईत 'मिसल्टो' नावाची एक वनस्पती असते. ती दारावर टांगतात व शुभ मानतात. विद्यार्थ्यांना हे ऐकून गंमत वाटेल की, ती दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढते आणि त्याचेच पाणी शोषून घेते. म्हणजे आपण ज्यास बांडगूळ म्हणतो त्याच जातीची ती आहे! एखाद्या आयतोबास आपण बांडगूळ म्हणून हिणवतो, आणि तिकडे बांडगुळास सणाचा मान. परंतु विचार केला तर यातही एक अर्थ दिसतो. यजमान झाडाची पाने झडून गेल्यावरही मिसल्टो हिरवीच असते. उजाड फांदीवर तीच एकटी हिरवी दिसते.

आता आपल्याकडे पाहू. 'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात व आमच्या कोकणी मुलखात शेकोटी नाही, म्हणून तिची फळीही नाही. तेथे नाताळची शोभा दोन ठिकाणी दिसते. दारावर बांबूच्या कामट्यांचे व कागदाचे नखेत्र, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचा भाऊ. आणि घरात गोठो. येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, या कथेचा तो देखावा. अशा देखाव्याची प्रथा असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी केलेल्या गोठ्याशी जोडली जाते. गोव्यातील मुले नाताळच्या सुमारे दोन आठवडे आधी पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरतात. तिची कोवळी रोपे गोठ्यापुढचे हिरवे कुरण होतात. ज्या घरी नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवतात, त्या घरातील मुलास ही रीत कोणी समजावून सांगावी लागणार नाही. गोव्यातील हिंदू घरांत गणेशचतुर्थीस मूर्तीच्या वर माटोळी बांधतात. तिला सुपारीचे घोस, नारळ, मावळिंगे, कांगले अशी रानातील व बागेतील फळे टांगतात. सण निराळे, परंतु ऋतूने जे दिले ते देवापुढे मांडावे, ही बुद्धी एकच. तेलंगणात तरी निराळे काय आहे? बतुकम्मा म्हणजे तंगेडू व गुनुगू, म्हणजे आपला तरवड व कुर्डू, यांच्या फुलांचे रचलेले शिखरच नव्हे काय?

आमच्या शेजारी एक वृद्ध गोंयकार बाई राहतात. गल्लीतील मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात शहाबादी फरशीची एक लांब फळी आहे. तिच्यावर दर वर्षी गोठा मांडतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी जबाब दिला, तेव्हा मांडणीचे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. आठवडाभर आधी सुरूच्या फांद्या आणून फळीवर कोरड्याच पसरल्या, चित्रातल्यासारखे बर्फ दिसावे म्हणून त्यांवर कापूस घातला आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी शेजारी मेणबत्ती लावून आम्ही आमच्या घरी गेलो. मावशी मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी साडी नेसत होत्या. वाऱ्याची एक झुळूक, आणि फळी पेटली. शेजाऱ्यांनी बादलीभर पाण्याने आग विझविली. कोणास इजा झाली नाही. परंतु फळीवर अंथरलेली क्रोशाची पट्टी जळून गेली. ती मावशींच्या आईने विणलेली होती. तिच्या हातची तेवढीच वस्तू त्यांच्यापाशी उरली होती.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काळवंडलेले एक मातीचे मेंढरू पुसून परत फळीवर ठेवले आणि म्हणाल्या, "बाये, पयलीं उदक, मागीर वात." आधी पाणी, मग वात. पदवी घेतलेल्या शिक्षिकेस हे साधे शास्त्र ठाऊक असावयास हवे होते. ते आम्ही त्यानंतर शिकलो, आणि तेच येथे सांगतो.

सुरूच्या ज्या सुयांना आपण पाने म्हणतो, त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या असतात. खरी पाने त्यांच्या पेरांवर सूक्ष्म खवल्यांसारखी असतात. बारीक वस्तूस चोहोकडून हवा लागते, म्हणून ती ओली असता लवकर वाळते आणि वाळल्यावर चटकन पेटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड झाली ती जळणासाठीच. असल्या डहाळीवर कापूस घालणे म्हणजे काकडा रचणेच होय. तेव्हा फांद्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या थंड वेळी कापाव्या, देठ तिरपा छाटावा व रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. फळीवर मांडताना केळीच्या खुंटाचे हातभर लांबीचे तुकडे उभे चिरून, चिरलेली बाजू खाली ठेवून, फळीच्या मागील कडेस ओळीने ठेवावे आणि त्यांत देठ खोचावे. केळीच्या सोपात पाणी भरपूर असते. ते देठास ओलही देते व आधारही देते. खुंट न मिळाल्यास लहान वाट्या पाण्याने भरून पानांआड लपवाव्या.

होली येथे मिळत नाही, याचे दुःख मानू नये. आमच्या रस्त्यांच्या कडेचा उंच अशोक आणि आंबा यांची पाने जाड असल्यामुळे दिवसचे दिवस टिकतात. तोरणात आपण तीच वापरतो. फुले गुडीमलकापूरच्या बाजारात मुबलक मिळतात: शेवंती, झेंडू, निशिगंध. मांडणीचा नियम बतुकम्मापासून घ्यावा. रुंद व जड ते खाली, नाजूक ते वर. मध्यभागी उंची असावी आणि दोन्ही टोकांकडे ती उतरत जावी.

तांबड्या रंगासाठी पॉइन्सेटिया आहे. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचे तेथील पहिले वकील जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास ते आपल्या देशी नेले, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. त्याचे तांबडे दिसते ते फूल नव्हे; ती पानेच होत. खरी फुले मधोमध बारीक व पिवळी असतात. ही पाने डिसेंबरातच का रंगतात? या झाडास रात्रीची लांबी कळते. रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागली की ते फुलण्याच्या तयारीस लागते, आणि दोन-अडीच महिन्यांनी लाल होते. शेवंतीचेही असेच आहे. आमच्या गल्लीत दोन पॉइन्सेटिया आहेत. अंगणातला लाल झाला, रस्त्यावरच्या दिव्याखालचा हिरवाच राहिला; कारण दिव्यामुळे त्याच्यापुरती रात्र झालीच नाही. विद्यार्थ्यांनी हे स्वतः पाहावे. फांदी तोडल्यास पांढरा चीक येतो, तो त्वचेस बाधतो, हात धुवावे. आम्ही तर म्हणू, तोडूच नये, कुंडीच फळीवर ठेवावी.

राहिली वात. मेणबत्ती फळीवर नको; पाणी भरलेल्या परातीत, पानांपासून व पडद्यापासून दूर ठेवावी आणि खोलीतून बाहेर पडताना विझवावी. विजेच्या माळा सोप्या खऱ्या. परंतु ओल्या डहाळ्यांना त्यांची तार लागू देऊ नये. ६ जानेवारीस तीन राजांचे फेस्त होते, तेव्हा गोठा उतरवितात. तोवर पाने वाळू लागली तर सणाची वाट न पाहता ती बदलावी.

या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीस व तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. आमच्या मनात संकोच होता. मावशींनी मात्र नाचणीचे भांडे आधीच पेरून ठेवले होते. मुलींनी केळीचे खुंट ठेवले, अशोकाची पाने खोचली, मध्ये पॉइन्सेटियाची कुंडी ठेवली. फळीवर क्रोशाची पट्टी नव्हती. तिच्या जागी मुलींपैकी एकीच्या आजीने दिलेला पांढरा रुमाल अंथरला होता. काळवंडलेले मेंढरू मावशींनी आपल्या हाताने सर्वांच्या पुढे ठेवले. मग एका मुलीने परातीत पाणी ओतले, आणि मावशींनी काड्यांची पेटी आमच्या हाती दिली.