टाळूच्या शस्त्रक्रियेपूर्वी
गर्भावस्थेच्या साधारण 12व्या आठवड्यापर्यंत टाळूचे, म्हणजे तोंडाच्या छताचे, दोन्ही भाग जुळले नाहीत तर राहणाऱ्या फटीस दुभंगलेली टाळू म्हणतात. ती आईने ग्रहणात काही चिरल्यामुळे पडत नाही, हे ठामपणे सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया बहुधा 9 ते 18 महिन्यांच्या वयात होते, कारण बोलणे आकार घेण्याआधी मऊ टाळूचे स्नायू जोडल्यास उच्चारताना हवा नाकावाटे निसटणे कमी होते. बाटलीचे किंवा बोंडल्याचे तोंड ताज्या टाक्यांना लागू नये म्हणून बाळाला आधीच उघड्या वाटीने पिण्याची सवय लावणे, ही पालकांची खरी तयारी होय. भूल देण्यापूर्वी स्तनपान साधारण 4 तास व वरचे दूध 6 तास थांबवावे लागते, कारण भुलीत पोटातले दूध उलटून फुप्फुसात उतरू शकते.