धूर गेला, तरी धोका जात नाही: घरात कोळशाची शेगडी वापरताना

थंडी पडली की बुलढाणा, चिखली, मेहकर अशा घाटावरच्या भागात संध्याकाळपासूनच शेगड्या बाहेर निघतात. आपल्या घरांत तिला सिगडीच म्हणतात. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडेही पहाटेची थंडी काही कमी नसते. त्यातच रमजान आता दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत ऐन हिवाळ्यात चाललाय, म्हणजे सहरीच्या वेळी, घरातली सगळी दारं-खिडक्या बंद असताना, विस्तव पेटलेला असणार.

कोळसा आपल्याकडे फक्त शेकायला लागत नाही. बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे ठेवतात, कबाब त्यावर भाजतात, लोबान त्यावर टाकतात, आणि जच्चाच्या बाजेखाली चाळीस दिवस सिगडी असते. सिलिंडर संपला किंवा परवडेनासा झाला की स्वयंपाकही त्यावर येतो. ज्यांचं हॉटेल किंवा भट्टीचं काम आहे, त्यांच्या घरी चंद्रपूर-वणीकडचा दगडी कोळसाही थोडाफार येतो. त्यामुळे "कोळसा वापरूच नका" असं सांगून मोकळं होण्यात अर्थ नाही. कसा वापरायचा ते नीट समजून घेऊ.

आपल्या दादी-नानींनी एक नियम शिकवलाय: सिगडी अंगणात पेटवायची, धूर जाईपर्यंत थांबायचं, निखारे लाल झाले की मग आत घ्यायची. हा नियम अर्धाच बरोबर आहे. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, म्हणून माणूस आपोआप दार उघडतो. लाल निखाऱ्यातून धूर येत नाही, वास येत नाही, आणि तरीही त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघत असतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. म्हणजे जो धूर आपल्याला सावध करत होता तोच गेला, आणि विष मात्र खोलीत राहिलं.

हे घडतं कसं ते मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. सिगडीच्या खालच्या भोकांतून हवा आत जाते. तळाच्या कोळशाला भरपूर ऑक्सिजन मिळतो, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढतो तेव्हा वरच्या लालभडक कोळशांच्या थरातून त्याला जावं लागतं, आणि तिथे त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. वर पुरेशी हवा आणि उष्णता असेल तर तो तिथेच जळतो. निखाऱ्यांवर नाचणारी बारीक निळी ज्योत पाहिली असेल, ती याचीच. पण सिगडीवर राखेचा थर बसला, विस्तव रात्रभर टिकावा म्हणून आपणच वर राख टाकली, किंवा खालचं तोंड बंद केलं, की ती निळी ज्योत विझते. मग वायू न जळता खोलीत पसरतो. मंद, राखेखाली धुमसणारी सिगडी म्हणूनच सर्वांत वाईट. आपण नेमकी तीच "आता निवली" म्हणून उशाशी ठेवतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत याचे ४०० भाग असले तर तास-दोन तासांत डोकं ठणकू लागतं, आणि तीन तासांनंतर जीवाला धोका असतो. १,६०० भाग असले तर एका तासात मृत्यू येऊ शकतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखीही कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमरोहा जिल्ह्यात बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेल्या एका कुटुंबातले पाच जण मृत सापडले. त्याच महिन्यात दिल्लीच्या अलीपूर भागात आई-वडील आणि त्यांची दोन लहान मुलं अशीच गेली. दोन्ही ठिकाणी घराला आग लागली नव्हती.

कुणी म्हणेल, आमच्या आजोबांच्या काळात तर रोज चूल आणि सिगडी होती, कुणाला काही झालं नाही. त्या काळचं घर आठवा. धाब्याच्या घरात छताला धुरासाठी भोक ठेवलेलं असायचं, पावसाळ्यात त्यावर काही पालथं घालायचे. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, लाकडी दार कधी नीट लागायचंच नाही. आता घरकुलाचं असो की स्वतःचं, घर स्लॅबचं आहे. खिडकीला सरकत्या काचा, दाराखाली थंडी येऊ नये म्हणून गोधडी सारलेली. सिगडी तीच आहे, पण खोली बदलली.

आणखी एक गैरसमज. गॅसच्या टाकीतला वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की जमिनीवर साचतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून काहींना वाटतं, आपण पलंगावर झोपतो, आपल्याला काय होतंय. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा आहे. तो सगळ्या खोलीत सारखा मिसळतो आणि शेजारच्या खोलीतही जातो. पलंग, चटई, माळा, कुठेच सुटका नाही.

धुराडं बसवायचं असेल तर

उघडी सिगडी फक्त अंगणात, ओट्यावर किंवा दोन समोरासमोरची दारं उघडी असलेल्या जागी वापरावी. घराच्या आत रोज कोळसा जाळायचा असेल तर धुराडं असलेली पक्की शेगडीच हवी. दगडी कोळसा तर उघड्या सिगडीत घरात कधीच जाळू नये. त्यात गंधकही असतं. शिवाय त्याला खालून हवा मिळेल अशी लोखंडी जाळी आणि राखेचा कप्पा लागतो, साध्या मातीच्या चुलीत तो नीट जळत नाही.

विदर्भाला धुराड्याची चूल नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास धूर नळीवाटे बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली होती. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, तो २००२ पर्यंत चालला. यातल्या कितीतरी चुली नंतर बंद पडल्या, आणि त्याचं एक मोठं कारण अगदी घरगुती होतं: नळीत काजळी साचली, ती कुणी काढली नाही. ओडिशात काही अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुलींचा चार वर्षं अभ्यास केला, तेव्हा पहिल्या वर्षी फुप्फुसात जाणारा धूर कमी झालेला दिसला आणि पुढे तो फायदा उरलाच नाही. लोक त्या नीट वापरत नव्हते, दुरुस्त करत नव्हते. म्हणून पाईप बसवण्याआधीच ठरवा, तो साफ कोण करणार आणि कुठून.

धुराडं ओढतं कसं? गरम वायू हलका होऊन वर जातो, त्याच्या जागी खोलीतली हवा शेगडीत ओढली जाते. पाईप जितका सरळ, उंच आणि आतून गरम, तितकी ओढ चांगली. पाईप साधारण चार इंची किंवा शेगडीच्या तोंडाएवढा असावा, वर जाताना कुठेही बारीक करू नये. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. आडवा तुकडा ठेवावाच लागला तर आखूड ठेवा आणि बाहेरच्या बाजूला चढता ठेवा. भिंतीतून थेट गल्लीत काढलेला आखूड पाईप दिसायला सोपा वाटतो, पण वारा समोरून आला की सगळं उलट घरात येतं, नाहीतर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातं. पाईप छताच्या वर किमान तीन फूट काढावा. आपल्या मोहल्ल्यांत घराला घर लागून असतं आणि शेजारी मजला चढवतात. शेजारची भिंत उंच झाली की वारा तिच्यावरून खाली आपटतो आणि धुराडं उलटं वाहतं. गेल्या वर्षी चांगलं चालणारं धुराडं यंदा का बिघडलं, याचं उत्तर कधी कधी शेजारच्या नव्या मजल्यात असतं.

पाईप लोखंडी किंवा स्टीलचा, जाड पत्र्याचा घ्या. पातळ पत्रा कोळशाच्या वायूने आणि ओलाव्याने लवकर सडतो. प्लास्टिकचा पीव्हीसी पाईप हा विचारच सोडून द्या, तो वितळतो. जोड देताना वरच्या पाईपाचं टोक खालच्या पाईपाच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे आत जमणारं काळं पाणी बाहेर गळत नाही. स्लॅबमधून पाईप नेला तर फार चिंता नाही, पण लाकडी धाबं, प्लायवूडचं छत, पडदे यांपासून तो किमान दीड फूट दूर हवा, आणि शेगडी स्वतः तीन फूट. गॅसची टाकी त्या खोलीत नको. पाईपात हवा अडवणारी झडप असली तर ती पूर्ण बंद होणार नाही अशी करून घ्या. कोळसा वाचवायला झडप दाबली की वायू खोलीतच राहतो.

आता जी गोष्ट मिस्त्री सहसा सांगत नाही ती. धुराडं हवा बाहेर टाकतं, म्हणजे तेवढी हवा आत यायलाही हवी. भिंतीच्या खालच्या भागात साधारण सहा इंच लांब-रुंद भोक जाळी लावून कायमचं उघडं ठेवा. आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर शेगडी पेटलेली असताना तो लावू नका. खिडक्या बंद असताना पंखा हवा बाहेर फेकतो, ती भरून काढायला हवा धुराड्यातूनच खाली येते आणि सोबत सगळा वायू घेऊन येते. घरच्यांना वाटतं पंखा चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित.

ओढ आहे की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही. पेटती अगरबत्ती शेगडीच्या तोंडापाशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तिथेच घुटमळला किंवा तुमच्याकडे आला तर कोळसा घालू नका. थंड पाईप सुरुवातीला ओढत नाही, म्हणून आधी कागद किंवा तुराट्या पेटवून पाईप तापवा, मग पुन्हा अगरबत्ती धरा. विस्तव मंद होताना तिसऱ्यांदा तपासा, कारण पाईप निवतो तशी ओढ कमी होते आणि वायू तर तेव्हाच जास्त असतो. रोज पेटणाऱ्या शेगडीचा पाईप महिन्यातून एकदा उघडून काजळी काढा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी तर नक्कीच. पक्षी त्यात घरटी करतात.

काढलेली राख पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून, घराबाहेर ठेवा. राखेत दडलेला निखारा घरात कोपऱ्यात ठेवला तरी तोच वायू देतो.

जच्चाची खोली

यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे घरातल्या मोठ्या बायकांचा शब्द चालतो आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची एकूणएक फट बंद करतात, बाजेखाली सिगडी ठेवतात, तिच्यात ओवा-लोबान टाकतात आणि वर बाळाला घेऊन ती तासन्‌तास पडून असते. बाळंतपणात रक्त गेलेलं, अंगात आधीच रक्त कमी. नवजात बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, त्याला हा वायू मोठ्या माणसापेक्षाही घट्ट धरतो. बाळ डोकं दुखतं म्हणून सांगू शकत नाही. ते फक्त सुस्त पडतं, दूध ओढत नाही, आणि घरात कुणी म्हणतं नजर लागली.

शेकायला मनाई नाही. गरम पाण्याची पिशवी चालते, तव्यावर तापवलेल्या कापडाने शेकता येतं, खोली गरम करायची तर चांगल्या वायरिंगवर विजेचा हीटर चालतो. सासूबाई किंवा नानी सिगडीवरच अडून बसल्या तर वाद घालत बसू नका. सिगडी अंगणात ठेवा, विटा किंवा वाळूची पुरचुंडी तिच्यावर तापवा, कापडात गुंडाळून आत आणा. ऊब आत येते, वायू बाहेर राहतो. बाळाच्या अंगाला लावण्याआधी आपल्या मनगटावर तपासा म्हणजे झालं.

झोपताना मात्र सवलत नाही. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम दोन्हींत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद दिल्याची हदीस आहे, आणि मदिनेत रात्री एक घर माणसांसह जळाल्याची घटना तिच्यासोबत येते. इशानंतर सिगडी बाहेर गेली पाहिजे. धुराड्याची शेगडीही रात्रभर धुमसत ठेवू नये. ज्यांना ठेवावीच लागते त्यांनी झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो ऑनलाइन मिळतो. घेताना ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे प्रमाणीकरण बघा. धुराचा अलार्म वेगळा, तो या वायूला ओळखत नाही.

डोकं दुखू लागलं तर

डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पायात जोर नसणं. लोक याला पित्त किंवा थंडी बाधली म्हणतात. ओळखायची खूण ही की घरातल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. असं झालं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दारं-खिडक्या उघडा. सिगडी विझवत खोलीत थांबू नका. खोलीत कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तर दार सताड उघडून, श्वास रोखून, ओढत बाहेर आणा. त्याला पाणी-चहा पाजू नका. श्वास थांबला असेल आणि कुणाला छाती दाबण्याची पद्धत येत असेल तर लगेच सुरू करा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात उतरतो. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं बाळ आणि हृदयविकाराचा माणूस यांच्यासाठी तर वाटच बघू नका. तिथे गेल्यावर "बंद खोलीत कोळसा पेटलेला होता" हे पहिलं वाक्य सांगा. कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, आकडा ९८ येतो, आणि कोळशाचा उल्लेख झाला नाही तर रुग्णाला पित्ताची गोळी देऊन त्याच खोलीत परत पाठवलं जाऊ शकतं.