तंबू हेच गावाचं थिएटर

बुऱ्हाणपूरकडचं दापोरा असो की सीमेपलीकडच्या रावेर तालुक्यातलं एखादं खेडं, अशा ठिकाणी सिनेमाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आधी टॉकीजची इमारत शोधली जाते. इमारत नसेल तर इतिहासही नाही, असं धरून विषय संपतो. पण आपल्या देशात बऱ्याच थिएटरांची मुळं तंबूत आहेत. कोलकात्याच्या मैदानात जमशेदजी मादन यांनी १९०२ साली तंबूत खेळ सुरू केले. त्यांचं एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभं राहिलं १९०७ मध्ये. अब्दुलअली युसूफअली १९०१ पासून आग्नेय आशियात आणि १९०८ ते १९१४ भारतात तंबू घेऊन फिरले. पुढे अर्देशिर इराणींच्या भागीदारीत त्यांनी चालवलेल्या मुंबईच्या मॅजेस्टिकमध्येच १९३१ साली ‘आलम आरा’ झळकला. शहरातलं थिएटर तंबूच्या कमाईवर आणि अनुभवावर उभं राहिलं, हे विसरून चालणार नाही.

तंबू म्हणजे चार दिवसांची जत्रेतली करमणूक, त्याला थिएटर कसं म्हणायचं, असा आक्षेप घेतला जातो. पण महाराष्ट्रातल्या टूरिंग टॉकीजकडे नीट पाहिलं तर तिथे थिएटरचा सगळा कारभार दिसतो: परवाना, तिकीट, वितरकाकडून भाड्याने आणलेली रिळांची पेटी आणि ट्रकवर बसवलेलं ३५ मिलिमीटरचं प्रोजेक्टर. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. प्रोजेक्टरच्या दिव्यात जळत जाणाऱ्या दोन कार्बन कांड्यांमधलं अंतर ऑपरेटरला सतत सांभाळावं लागे. ते वाढलं की पडदा काळवंडे. हे कसबी काम होतं आणि शहरातल्या केबिनमधल्या कामाहून ते तसूभरही हलकं नव्हतं. शिवाय जत्रा दरवर्षी त्याच तिथीला भरते, म्हणून तंबूही ठरल्या वेळी परत येई. त्याला तात्पुरता कसं म्हणायचं?

टीव्हीने तंबू संपवला, हा दुसरा लाडका समज. टीव्हीने प्रेक्षक ओढले, हे नाकारता येत नाही. पण १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं, आणि त्यानंतर जवळपास तीस वर्षांनीही तंबू उभे होते. अमित मधेशिया यांनी टिपलेल्या या तंबूंतल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. शर्ली अब्राहम आणि मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. फिल्मची जागा डिजिटलने घेताना फिरत्या खेळांची झालेली कोंडी त्यात स्पष्ट दिसते. वितरकांनी प्रिंट काढणंच थांबवलं, तेव्हा चालू यंत्र असूनही त्यावर चढवायला नवा सिनेमा राहिला नाही. टीव्हीने धंदा खिळखिळा केला. त्याचा पायाच काढून घेतला तो वितरणातल्या बदलाने.

म्हणून गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तंबूची नोंद टॉकीजच्या बरोबरीने करावी. तो कुठल्या मैदानात लागे, कुठल्या जत्रेला येई, यंत्र कोण चालवी, हे आजच्या सत्तरीतल्या माणसांना अजून सांगता येईल. ते आत्ताच लिहून घ्या. जुनी तिकिटं, पोस्टरं, रिळांचे डबे रद्दीत आणि भंगारात देऊ नका.