चौथाई, छावणी आणि वस्ती

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांतील मुले एक प्रश्न नेहमी विचारतात. घरात भाषा मराठी, कुलदैवत जेजुरीचे किंवा तुळजापूरचे, मग आपले घर येथे मालव्यात कसे? वडीलधारी मंडळी 'पूर्वज लष्कराबरोबर आले' एवढे उत्तर देऊन मोकळी होतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लष्कर अटकेकडेही गेले होते आणि बंगाल्यातही गेले होते. तेथे आपली अशी वस्ती राहिली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे मात्र राहिली. हा फरक का पडला, हे समजण्यासाठी मराठी राज्य कोणत्या रीतीने वाढले ते पाहिले पाहिजे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही ते येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक 1674 साली झाला. त्यांचे स्वराज्य म्हणजे मुख्यतः सह्याद्रीचा व कोकणचा पट्टा आणि दक्षिणेत जिंजी-वेलोरकडील मुलूख. पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1707 साली येथेच मरण पावला. त्या पंचवीस वर्षांच्या झुंजीत राज्याला स्थिर राजधानी नव्हती की भरलेला खजिना नव्हता. ज्या सरदाराने फौज उभी करावी त्यानेच तिचे पोट भरावे, अशी वेळ आली. शत्रूच्या मुलखात शिरून वसूल आणण्याची मुलूखगिरी या काळात अंगवळणी पडली.

या रीतीला कायद्याचे रूप 1719 साली मिळाले. बाळाजी विश्वनाथ पेशवे यांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी तीन सनदा आणल्या : स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. शंभर रुपयांत पस्तीस मराठ्यांचे. मुलूख आणि कारभार मात्र बादशाही सुभेदाराचाच. चौथाईतील काही भाग छत्रपतींच्या खजिन्यात जाई आणि मोठा भाग फौजेच्या खर्चासाठी सरदारांकडे राही. याचा परिणाम उघड होता. सरहद्द पुढे सरकली तरच सरदाराची मिळकत वाढणार! राज्याच्या वाढीची कळ येथे होती, आणि पुढे सरदार आपापल्या जागी स्वतंत्र होत गेले त्याचे बीजही येथेच होते.

ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी छावणीची. पूर्वी फौजा दसऱ्यानंतर नर्मदा ओलांडीत आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरत. 1728 साली चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मालव्याच्या सुभेदाराचा पराभव केला. त्यानंतर मराठी पथके पावसाळाही मालव्यात काढू लागली. राणोजी शिंदे उज्जैनीस, मल्हारराव होळकर इंदूर परगण्यात, पवार धार व देवास येथे स्थिरावले. 1738 साली भोपाळजवळ बाजीरावांनी निजामास कोंडून मालव्यावरील हक्क कबूल करविला आणि 1741 साली बादशहानेही त्यावर मोहोर उठविली. गुजरातेत पिलाजी गायकवाडांनी 1719 च्या सुमारास सोनगड धरले. 1734 साली बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. ग्वाल्हेरीस तर 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचेच शहर झाले. त्याचे नाव आजही लष्कर हेच आहे.

तिसरी आणि खरी टिकाऊ पायरी वस्तीची. छावणीमागून कमाविसदार आला. त्याचे काम केवळ वसूल नेण्याचे नव्हते. लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा लागवडीस आणण्यासाठी बी-बैलाकरिता तगाई दिली जाई, आणि इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा व मग क्रमाने वाढता सारा ठरवून, रयतेस बसविले जाई. कारकून, वैद्य, शास्त्री, कीर्तनकार यांची बिऱ्हाडे त्यांच्यामागे आली. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 असा जो कारभार महेश्वरीहून केला, त्यात ही पायरी पूर्णत्वास पोहोचली. म्हणून माळव्याचा शेतकरी आजही त्यांचे नाव आदराने घेतो.

जेथे पहिल्या पायरीवरच थांबलो तेथे काय झाले, हेही मुलांपासून लपवू नये. बंगाल्यात 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या. 1751 च्या तहात सालिना बारा लाखांची चौथाई ठरली; परंतु गावेच्या गावे लुटली गेली होती. 'बर्गी' या नावाने बंगाली आया मुलांना भीती घालीत. राजपुतान्यातही वसुलाच्या तगाद्याने मित्र दुरावले, आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर राजपूत राजे आपल्या बाजूस उभे राहिले नाहीत. लाहोर 1758 साली घेतले, ते पुढच्याच वर्षी गेले.

1818 साली पेशवाई संपली. 1948 साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. सत्ता गेली, तरी वस्ती राहिली. जेथे केवळ वसूल नेला तेथे आपली आठवण कडू आहे. जेथे राहून, शेजाऱ्याच्या सुखदुःखात मिसळून कारभार केला, तेथे आपण आजही घरचे आहोत. आपल्या संस्थेचा पायाही याच तिसऱ्या पायरीवर आहे.

एक विनंती करून थांबतो. अनेक घरांत जुन्या पेट्यांतून मोडी कागद पडून आहेत. ते वाळवीच्या स्वाधीन करू नका. जाणकाराकडून वाचून घ्या आणि आपले पूर्वज चौथाईबरोबर आले, छावणीबरोबर आले की वस्तीबरोबर, ते आपल्या मुलांना सांगा.