वेगवान मोटारीची चाके

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये राहणारा हौशी चालक वेगवान मोटार घेतो, तेव्हा तिच्या चाकांकडून तो दोन परस्परविरोधी अपेक्षा बाळगतो. शहराबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील शर्यतीच्या मार्गावर वळण घेताना टायर लवू नये. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील पावसात, दुरैसामी भुयारी मार्गाजवळ पाणी तुंबले असता, त्याच टायरने न दिसणाऱ्या खड्ड्यांचे धक्के सोसावेत.

टायरवर २०५/४५ आर १७ अशी अक्षरे असतात. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ हे त्या रुंदीशी बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. म्हणजे भिंत सुमारे ९२ मिलिमीटर भरते. १९५/५५ आर १६ या टायरची भिंत १०७ मिलिमीटर असते. बाहेरचा व्यास दोहोंत जवळजवळ सारखाच. बदलते ती रबर आणि धातू यांची वाटणी. आखूड भिंत सुकाणूला तत्काळ प्रतिसाद देते, पण खड्ड्यात रिम वाकण्याचे भयही तिच्याबरोबर येते.

रुंदीचेही तसेच आहे. कोरड्या रस्त्यावर ती पकड वाढविते. ओल्या रस्त्यावर मात्र रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. खाचा झिजलेल्या असल्या, तर वेगात चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. छताची काच आणि शोभेच्या पट्ट्या यांवरील खर्च वाचवून पावसाळ्यासाठी १६ इंची चाकांचा दुसरा संच घेणे अधिक शहाणपणाचे. मात्र ते रिम ब्रेकच्या यंत्रणेला घासणार नाहीत ना, एवढे आधी पाहून घ्यावे लागते.