यंत्राला कधी हात लावायचा?

लेथवर कातलेल्या दोन पिना कधीच तंतोतंत सारख्या नसतात. मग कोणत्या फरकाची दखल घ्यायची? वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वरिष्ठांना दिलेल्या छोट्या टिपणात याचे उत्तर आलेखातून मांडले. तोच आजचा कंट्रोल चार्ट.

ठरावीक वेळाने चार-पाच नग मोजून त्यांची सरासरी आलेखावर मांडायची. मधली रेषा नेहमीच्या सरासरीची, वर-खाली तीन सिग्मांवर (सिग्मा म्हणजे फैलावाचे माप) मर्यादा. या मर्यादा ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सवरून नव्हे, प्रक्रियेच्याच आकड्यांवरून काढतात. इथे गल्लत फार होते. प्रक्रिया स्थिर असेल तर दहा हजारांत सुमारे २७ बिंदूच बाहेर पडतात. म्हणून बिंदू बाहेर गेला, की कारण शोधायचे: झिजलेले टूल, बदललेला कच्चा माल.

बिंदू आत असतील आणि एकाच दिशेला सरकत नसतील, तर यंत्राला हात लावायचा नाही. मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक नगाची चूक पाहून सेटिंग तेवढेच उलटे फिरवत राहिले, तर मापांचा फैलाव घटत नाही, उलट सुमारे १.४ पट होतो! कष्ट करून माल बिघडवायचा.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८मध्ये भारतात आले आणि हे तंत्र त्यांनी इथल्या उद्योगांपुढे स्वतः मांडले.