कॅप्स लॉकची जागा मराठीला द्या

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. तरीही मराठी माणसाच्या कीबोर्डवर डाव्या करंगळीला लागून कॅप्स लॉक ऐसपैस बसलेलं असतं. उलट मराठी-इंग्रजी अदलाबदल एकेका पानात कितीदा तरी करावी लागते, आणि तिच्यासाठी लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सुपर (म्हणजे विंडोजचं बटण) आणि स्पेस ही दोन बटणं एकत्र दाबायची. ही वाटणी उलटी आहे. लिनक्सवर ती बदलता येते, आणि मराठीत रोज लिहिणाऱ्यानं ती बदलावीच.

बटणावर काय छापलंय, याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं. कॅप्स लॉक दाबलं की लिनक्सचा कर्नल फक्त ५८ हा आकडा पुढे पाठवतो. पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये बटणांचे क्रमांक ८ पासून सुरू होतात, म्हणून तिथे ५८ चे ६६ होतात. आता एक्सच्या जागी वेलँड येतंय, पण ते ८ काही सुटत नाहीत: वेलँड ५८ पाठवतं आणि प्रोग्रामनं त्यात ८ मिळवून घ्यायचे! ६६ चा अर्थ काय लावायचा, हे एक्सकेबी या कीबोर्ड-व्यवस्थेच्या फायलींत लिहिलेलं असतं, आणि त्या कुणालाही उघडून वाचता येतात. मराठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट त्यांत आहे, ४ च्या बटणावर रुपयाचं चिन्ह आणणारा पर्याय आहे, आणि कॅप्स लॉकनं लेआउट बदलण्याचाही आहे. ग्नोममध्ये ट्वीक्स हा सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम उघडून तो निवडला की काम झालं. जुन्या लेखांतून सुचवलेल्या एक्समॉडमॅप या बटणं बदलण्याच्या आज्ञेच्या नादी मात्र लागू नये. वेलँडवरच्या प्रोग्रामना त्याचा पत्ताच नसतो.

आक्षेप येतो तो पासवर्डचा. लेआउट मराठीवर राहिला आणि पासवर्ड चुकला तर? पण चुकून दाबलं गेलेलं कॅप्स लॉकही पासवर्ड चुकवतंच. शिवाय दुसरा लेआउट चालू असताना कॅप्स लॉकचा दिवा लावण्याचा पर्याय एक्सकेबीत आहे. फॉर्म भरताना कॅपिटल लागतात म्हणावं, तर पॅन क्रमांकात अक्षरं सहाच. तेवढ्यापुरतं शिफ्ट धरायला काय हरकत? घरातल्या इतरांची अडचणही होत नाही, कारण ट्वीक्समधला बदल आपल्या लॉगिनपुरताच राहतो. खरा त्रास कचेरीतल्या संगणकाचा. तिथे सेटिंग बदलायची मुभा नसेल, तर सवयीची करंगळी कॅप्स लॉकवर जाणार आणि अर्धं वाक्य कॅपिटलमध्ये उमटणार. हा तोटा आहेच. पण ज्याचं बहुतेक लिखाण स्वतःच्या संगणकावर होतं, त्यानं तो पत्करावा.